दावणीचा लॅपटॉप

बेंदराच्या, म्हणजे आमच्याकडच्या पोळ्याच्या दिवशी आमच्या कॉलनीत एका कॉम्प्युटरला ओवाळतात. विश्वास बसत नसेल तर आषाढात सांगलीला या आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. पडद्याच्या कपाळाला गुलाल, पाठीवर फुलाफुलांची झूल, माऊसच्या वायरीला लाल गोंडा आणि समोर ताटात तुपाची धार सोडलेली पुरणपोळी. शेजारी ट्रॅक पँट घालून, डोक्याला टॉवेल गुंडाळून बापू उभे. ओवाळून झालं की ते त्याच्या पाठीवर थाप मारतात आणि म्हणतात, "चल गड्या, वरीसभर कुरकुरू नगंस." मग नैवेद्याची पोळी स्वतःच खातात. "ही त्येच्या वाटणीची," म्हणून आणखी एक खातात.

बापू माझे शेजारी. आमच्या दोन घरांत एकच भिंत, आणि तीही बिल्डरने फार मनावर न घेता बांधलेली. त्यामुळे त्यांच्याकडे फोडणी पडली की शिंक मला येते. मूळचे ते आटपाडीकडचे. वडलांची मेंढरं होती, मग विहिरीला पाणी लागलं, शेती आली आणि शेतीबरोबर दावणीला खिल्लार बैल आले. बापू नोकरीला कुपवाडच्या एका कारखान्यात लागले, स्टोअर सांभाळत रिटायर झाले, पण डोक्यातली दावण काही सुटली नाही. जगातल्या कुठल्याही वस्तूचा विचार ते बैलाच्या बाजूने करतात. स्कूटर चालू होईना तर "बसका हाय." नवा फ्रिज आवाज करायला लागला तर "मारका निघाला." जावयाबद्दल एकदा म्हणाले, "गरीब हाय, पण औताला दमतोय." जावई शेजारीच चहा पीत बसला होता.

माणसालाही ते गावावरूनच ओळखतात. मी पाटणचा, म्हणून मला पाटणकर म्हणतात. माझं आडनाव वेगळं आहे, हे मी त्यांना कैकदा सांगितलं. पाटीसुद्धा दाखवली. "आडनाव काय, कुणाचंबी कायबी आसतंय," ते म्हणाले. "बैल कुठला, त्येला किंमत." आता कॉलनीतला दूधवाला, पोस्टमन, झालंच तर माझी बायकोसुद्धा मला पाटणकर म्हणते. काय करता?

तर कॉम्प्युटरची गोष्ट. कारखान्यात पहिल्यांदा कॉम्प्युटर आला तेव्हा सगळे त्याला घाबरून लांब उभे राहिले होते म्हणे. बापू पुढे झाले. "नवं जनावर हाय. आदी वळख होऊ द्या, मग हात लावा." त्यांनी दिवसभर नुसती समोर खुर्ची टाकून ओळख करून घेतली आणि मग असे शिकले की साहेब लोक त्यांना विचारायला येऊ लागले. रिटायर झाले त्या सुमारास कारखान्याने जुनी मशीनं मोडीत काढली. बापूंनी आपलं मागून घेतलं आणि टेम्पोतून, गुलाल उधळत, घरी आणलं. टेम्पोच्या आवाजाने मी बाहेर आलो तर हे पाठीमागे मॉनिटरला मिठी मारून बसलेले.

कॉलनीतला तो पहिला कॉम्प्युटर. आज हसू येईल, पण त्या दिवसांत बापूंचा हॉल म्हणजे आमची कचेरी होती. कुणाची लग्नपत्रिका, कुणाचा नोकरीचा अर्ज, गणपती मंडळाची पावती, पाणी न आल्याची तक्रार, सगळं बापू टाईप करून द्यायचे. पैसे घ्यायचे नाहीत. "जनावर पोसायचं तर त्येनं गावाचं औत वढाय नगं?" म्हणायचे. आणि दहावीच्या निकालाच्या दिवशी! सकाळपासून त्यांच्या दारात चपलांचा ढीग. पोरं घामाघूम, आया देवाचं नाव घेत, बाप उगाच बाहेर सिगारेट ओढत. बापू अंघोळ करून, कपाळाला बुक्का लावून मशीनसमोर बसायचे. इंटरनेट रडत रडत यायचं. नंबर टाकला की ते गोल फिरणारं चक्र यायचं आणि सगळा हॉल श्वास रोखून उभा राहायचा. निकाल लागला की बापू आधी मागे वळून त्या पोराकडे बघायचे, आणि त्यांच्या तोंडावरून आम्हाला कळायचं. पास झालेल्याला पेढा. नापास झालेल्याला दोन पेढे. "पास झाल्याला घरात मिळतोय की. ह्येला कोण देणार हाय?" मालनवहिनी, म्हणजे बापूंच्या पत्नी, त्या नापास पोराला आत नेऊन चहा पाजायच्या. काय दिवस होते ते! आमच्या कॉलनीतली निम्मी पोरं आज पुण्यात आहेत, पण त्यांचं नशीब पहिल्यांदा उघडलं ते बापूंच्या हॉलमध्ये.

मग मोबाईल आले. निकाल पोरांच्या खिशात लागायला लागले, लग्नपत्रिका व्हॉट्सॲपवर फिरायला लागल्या. बापूंच्या दारातला चपलांचा ढीग उतरला. मधल्या काळात साखरेने मालनवहिनींची नजर नेली, आधी धूसर आणि मग जवळजवळ पूर्णच. मुलगी इस्लामपूरला दिलेली, ती येऊन जाऊन असते. घरात ही दोघंच.

आणि तरीही सकाळ, दुपार, संध्याकाळ भिंतीपलीकडून कीबोर्डचा आवाज यायचा. खडाक, खडाक, खडाक. जुना कीबोर्ड, एकेक बटण घणासारखं वाजणारा. एवढं काय टाईप करतात म्हणून एकदा बघायला गेलो, तर शेजारी पेपर पसरून हे पेपर टाईप करत होते. अख्खा. बेदाण्याचा भाव, राशिभविष्य, निधनवार्ता, 'भाड्याने देणे आहे', सगळं.

"अहो बापू, छापून आलेलंच परत कशाला छापताय?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. आतल्या खोलीकडे मानेनं खूण केली आणि आवाज बारीक करून म्हणाले, "हिच्यासाटी. दिसत न्हाई न्हवं आता. घर गप झालं की घाबरती. लगीच हाक मारती, 'आवं, हायसा न्हवं?' म्हणून. मी कुटवर वरडू, हाय म्हणून? ह्यो वाजत ऱ्हायला की तिला कळतंय, धनी घरात हाय."

खरं सांगतो, त्या दिवसापासून तो खडखडाट मला कधी टोचला नाही. दुपारची झोप मोडली तरी मी कूस बदलायचो आणि म्हणायचो, वाजू दे.

परवाच्या उन्हाळ्यात लाईट अशी काही आली गेली, आली गेली की बापूंच्या कॉम्प्युटरने एक धुराचा भपकारा सोडला आणि डोळे मिटले. रिपेअरवाल्याने आत बघून हात जोडले. "बापू, ह्याचे पार्ट आता म्युझियममध्ये मिळतील." बापूंनी त्याला चहा न देता घालवलं. मग मशीनच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले.

भिंतीपलीकडे शांतता झाली. आणि त्या शांततेत थोड्या थोड्या वेळाने वहिनींची हाक. "आवं, हायसा न्हवं?" बापू ओरडायचे, "हाय, हाय!" परत शांतता, परत हाक. सकाळी बापू माझ्या दारात. डोळे लाल.

"पाटणकर, चपला घाला. आजच्या आज आणाय पायजे. तिनं रात सारी डोळ्याला डोळा लावला न्हाई."

आता मला कॉम्प्युटरमधलं जरा कळतं म्हणून कॉलनीत माझं नाव आहे, ते मीच पसरवलेलं. मी समजावलं की आता डब्याचा कॉम्प्युटर घेऊ नका, लॅपटॉप घ्या. जागा कमी, वीज कमी, लाईट गेली तरी चालू राहतो. मोठा पडदा बघू, बरी रॅम, एसएसडी असली की झटकन उघडतो. टेबलावर कायमचा ठेवा, डेस्कटॉपच झाला म्हणा. बापूंनी सगळं ऐकून घेतलं. "बास. मला दात मोजाय येत्यात. तुमी नुसतं संगं चला."

दुकान स्टेशन रोडला. काचेची कपाटं, एसी, छताला टांगलेल्या स्पीकरमधून गाणी. टाय लावलेल्या सेल्समनने एक चपटा लॅपटॉप आमच्यासमोर ठेवला. "सर, अल्ट्रा स्लिम. एका बोटावर उचला."

"एका बोटावर उचलतोय त्यो औताला काय कामाचा?" बापू म्हणाले. "मला ह्येला जत्रंला न्यायचा न्हाई. दावणीला बांधायचा हाय. जड बघून दाव."

सेल्समनने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

जड निघाले ते मागच्या कपाटातले, मोठ्या कंपन्यांतून वापरून आलेले आणि दुरुस्त करून विकायला ठेवलेले. किंमत नव्यापेक्षा पुष्कळ कमी. "जुने आहेत सर," सेल्समन चाचरत म्हणाला. बापूंचा चेहरा खुलला. "म्हंजी काम क्येल्यालं. मग आदी बोलाय नगं? कोरा खोंड घिऊन त्येला शिकवू कवा न् औत धरू कवा?"

आणि तपासणी सुरू झाली. बापूंनी लॅपटॉप आधी पालथा केला आणि खालच्या रबरी पायांवरून अंगठा फिरवला. "खूर झिजल्यात, पर लंगडत न्हाई." मग झाकण उघडलं, मिटलं, उघडलं, मिटलं. "मान ढिली न्हाई." बाजूच्या जाळीला हात लावून उभे राहिले. "श्वास गरम हाय. पर धाप न्हाई." एका कोपऱ्याला पोचा होता, तो त्यांनी प्रेमाने कुरवाळला. "शिंगाला लागलंय कवा तरी. चालतंय." तोवर मी माझ्या परीने रॅम किती, एसएसडी किती, पडद्यावर डाग आहे का, चार्जर मूळचा आहे का, हे बघत होतो. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सारं दुकान बापूंभोवती जमलं होतं.

"बॅटरी मात्र थोडीच चालेल हां," सेल्समनने कबूल केलं.

"लाईट गेल्यावर मी उठून मेणबत्ती लावंपतूर उभा ऱ्हाईल न्हवं? बास झालं."

शेवटी बापू वाकले, कान बटणांजवळ नेला आणि दोन्ही हातांनी बडवलं. काचेच्या काउंटरवर टक टक आवाज झाला. "वाजतंय," ते मला म्हणाले. वाजतंय तर घ्या, मी म्हणालो.

मग सौदा. बापूंनी खांद्यावरचा टॉवेल काढला, सेल्समनच्या हातावर टाकला आणि टॉवेलखाली त्याची बोटं धरली. जनावरांच्या बाजारात भाव असाच ठरतो, तोंडाने नाही, टॉवेलखाली बोटं दाबून. चारचौघांत आकडा फुटू नये म्हणून. पण हे त्या टायवाल्याला कुठून ठाऊक असणार? तो पांढराफटक पडला. "सर, काय करताय? सर, हात सोडा!" दोन बायका आपल्या पोरांना घेऊन बाहेर गेल्या. मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

एवढ्यात गल्ल्यावरचा मालक उठला. पोट सुटलेला, कपाळाला गंध लावलेला माणूस. "सोड रे, तुझं काम नाही ते," म्हणून त्याने पोराला बाजूला केलं आणि आपला हात टॉवेलखाली घातला. बापूंनी एकदा त्याच्याकडे नीट पाहिलं आणि डोळे छताला लावले. मालक भिंतीवरच्या लक्ष्मीकडे बघत राहिला. टॉवेल हलला. मालकाने मान नकारार्थी हलवली. परत टॉवेल हलला. बापू म्हणाले, "आं हां."  मग मालकाने एकदम हसून बापूंचा हात घट्ट दाबला आणि टॉवेल खाली आला.

"वडील आमचे बाजारात दलाल होते," तो म्हणाला. डोळे पुसायला त्याने बापूंचाच टॉवेल घेतला. "लहानपणी त्यांनी ही बोटं शिकवली. ते गेल्यावर कुणी धरलीच नव्हती बघा." वर एक माऊस फुकट दिला. बापूंनी किती दिले, ते मला आजतागायत माहीत नाही. विचारलं तर म्हणतात, "टावेलाखालचं टावेलाखाली."

लॅपटॉप घरी आला. वहिनींनी चाचपून हळदकुंकू लावलं. जुन्या टेबलावर, जुन्याच जागी, बापूंनी त्याला घडी घातलेल्या वाकळेवर बसवलं, अंग दुखू नये म्हणून. चार्जरची वायर टेबलाच्या पायाला दाव्यासारखी बांधली. "हितनं हलायचं न्हाई." पेपर पसरला, बाह्या सारल्या आणि बडवायला सुरुवात केली.

आवाजच नाही. मऊ, पुसट, पावडर लावल्यासारखी बटणं. बापूंनी जोर लावला. मी वाकळ काढली. तरी काही नाही. दुकानात वाजली होती ती काच.

"आवं?" आतून वहिनींचा आवाज. "हायसा न्हवं?"

बापूंचा चेहरा इतका पडला की माझ्याच्याने बघवेना. "मुकं निघालं की वो," ते पुटपुटले. "आता?"

आता काय, जुना कीबोर्ड शाबूत होता. पण त्याची पिन गोल आणि लॅपटॉपची भोकं चपटी. मी स्कूटर काढली आणि सांगलीतली यच्चयावत दुरुस्तीची दुकानं पालथी घातली, तेव्हा एका ठिकाणी ह्याचं त्याला जोडणारा एक तुकडा ड्रॉवरच्या तळाशी सापडला. लॅपटॉप दोन विटांवर चढवला म्हणजे पडदा डोळ्यांसमोर आला, पुढ्यात जुना कीबोर्ड ठेवला. बापूंनी एक बोट उचललं. खडाक!

आतून काही हाक आली नाही. बापूंनी माझा हात धरला, तोही टॉवेलशिवाय. मी घरी येऊन बायकोला दोनदा सगळी हकीकत सांगितली आणि दोन्ही वेळा त्यात माझं काम थोडं वाढवलं.

पुढे एका रविवारी बापूंना तासगावला जायचं होतं, कारखान्यातल्या जुन्या सोबत्याच्या नातीच्या लग्नाला. वहिनींना सांगून निघाले होते, तरी चपला घालता घालता मला म्हणाले, "पाटणकर, दुपारचं जरा जाऊन बसा. मधनं मधनं बडवा. कानाला सवय हाय तिच्या."

मी गेलो. वहिनी आत स्वयंपाकघरात. पेपर पसरला आणि मोठ्या इमानदारीने बेदाण्याचे भाव टाईप करायला लागलो. खडाक, खडाक. थोड्या वेळाने आतून हसण्याचा आवाज आला.

"भावजी, कशापायी बोटं दुखवून घेताय? या हिकडं. च्या ठिवलाय."

मी दारात जाऊन उभा राहिलो. वहिनी शेगडीसमोर, कपबशा नेमक्या जागी. "वहिनी, बापूंनी सांगितलंय. घर गप्प झालं की तुम्ही घाबरता."

"मी?" त्यांनी आवाजाच्या रोखाने मान वळवली. "आवं, ह्या घरात टाचणी पडली तर कुठं पडली ते सांगीन मी. ते खुर्चीत हलले तर कळतंय, तमाखू मळली तर वास येतोय. नुसतं गप बसले तर ते बी कळतंय. त्येचंच तर भ्या वाटतंय मला."

चहा माझ्या हातात देऊन त्या बोलत राहिल्या. "ज्या साली पोरं निकाल बघाय यायची थांबली न्हवं, त्या सालची गोष्ट. मला तवा थोडं दिसत हुतं. हे सकाळी आंगूळ करून, बुक्का लावून, पेढं आणून मशीनम्होरं बसले. म्हटलं, येतील पोरं. दिवस मावळला, कुणी आलं न्हाई. पेढ्याला मुंग्या लागल्या. दुसऱ्या दिवशी बी तसंच, मशीन बंद आन् हे म्होरं. जेवान न्हाई, बोलणं न्हाई.  म्हणून आपली हाक मारली, 'आवं, हायसा न्हवं? मला कसं तर हुतंय, गप बसू नगासा.' तर माणूस गडबडीनं उठला, मशीन चालू क्येलं आन् बडवाय लागला. संध्याकाळी दोन भाकरी जास्त खाल्ल्या."

त्यांनी पदराने ओठ टिपले. "तवापास्नं मी घाबरती. हात थांबला की हाक मारती. माझ्यासाटी म्हणून बडवत्यात, बडवू द्या. कुणाच्या तरी उपेगाला पडतोय, एवढंच त्यास्नी पायजे आसतंय. तुमी बोलू नगा हां, भावजी."

  चहा गार झाला, तो तसाच प्यायलो.

ऊन उतरलं तशी फाटकाची कडी वाजली. वहिनींनी मला हाताने बाहेरच्या खोलीत पिटाळलं. बापू घामाने भिजलेले, हातात बेदाण्याची पिशवी, डोक्यावर अजून लग्नाच्या अक्षता. पाय धुतले नाहीत, पाणी प्यायले नाहीत. सरळ खुर्चीत बसले आणि खडाक, खडाक, खडाक सुरू केलं.

"आवं, आलासा व्हय?" आतून वहिनी म्हणाल्या. "किती वाट बघाय लावली!"

बापूंनी वळून माझ्याकडे पाहिलं. दहावीचा निकाल लागल्यावर पोरांकडे बघायचे तसे नव्हे. आज त्यांनाच निकाल ऐकायचा होता.

"लय घाबरली हुती का वो?"

"लय," मी म्हणालो. "तुमच्याशिवाय त्यांचं काय खरं न्हाई, बापू."